गाडी निवेपर्यंत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

रांजणगाव,
दि. १० एप्रिल २०२५

ती. अमृतराव दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्का गेल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललाच तर प्रकृती उत्तम आहे एवढे सांगून ठेवून देता. पत्रांचे तसे नाही. माझ्या बहिणीने पत्रांना उशीर कधी खपवून घेतला नाही, आणि तिच्या धाकाने का होईना, तुम्हालाही उत्तर लिहायची सवय लागली. म्हणून हे पत्र. लाल शाईने चुका दाखवून परत पाठवलेत तरी चालेल, पण पाठवा.

काम असे आहे. आपली सीना मोटर्स ही देशातली सर्वांत लहान मोटार कंपनी, असे वर्तमानपत्रे लिहितात. ते कौतुक असते की टोमणा, मला अजून कळलेले नाही. गाडीचा सांगाडा आपला, पत्रा आपला, रंग आपला. इंजिन मात्र परदेशी पुरवठादाराचे, आणि त्या इंजिनाला चालवणारी जी इलेक्ट्रॉनिक पेटी, ती तर सीलबंद. तिच्यात काय चालते हे विचारायचीसुद्धा करारात आपल्याला मुभा नाही. स्वतःचे इंजिन तयार करावे की नाही, यावर संचालक मंडळात दोन तट पडले आहेत. जूनमध्ये निर्णय आहे. उभे आयुष्य तुम्ही अभियांत्रिकी महाविद्यालयात इंजिनेच शिकवलीत, तेव्हा तुमचा लेखी अभिप्राय अखेरचा मानायचा, हे दोन्ही तटांनी मान्य केले आहे. माझे मन कुठे आहे ते सांगून टाकतो. दुसऱ्याच्या इंजिनावर आपली पाटी ठोकून विकण्याचा मला आता कंटाळा आला आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर नको.

अक्काची गाडी शेडमध्ये नुसती उभी असेल. विकायची असेल तर माणूस पाठवतो. घाई काहीच नाही. मल्लव्वा स्वयंपाक करून जाते ना? तिच्या हातच्या शेंगाच्या चटणीबरोबर तरी चार घास जास्त खात जा.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये. सौ. अक्कास सा. न.

आपला,
शिवानंद


सोलापूर,
दि. १६ एप्रिल २०२५

चि. शिवानंद यास,
अनेक उ. आ.

पत्र पावले. मागितलेला अभिप्राय प्रथम देतो. इतर मजकूर नंतर.

सीना मोटर्सने स्वतःचे इंजिन विकसित करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन ओतणे आणि घडवणे हे लोक समजतात तितके अवघड नाही. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले ते उत्तम करून देतील. अवघड आहे ते त्या इंजिनास शहाणपण देणे. सोलापूरच्या मे महिन्यात आणि लडाखच्या जानेवारीत, चांगल्या पेट्रोलवर आणि भेसळीच्या पेट्रोलवर, त्याने न अडखळता आणि धूर न करता सारखेच वागले पाहिजे. हे शहाणपण तू म्हणतोस त्या सीलबंद पेटीत असते आणि ते वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून येते. मोठी कंपनी तो भार लाखो गाड्यांवर वाटून टाकते. तुझ्यापाशी वाटण्यासाठी तेवढ्या गाड्या नाहीत. त्यातच प्रदूषणाचे नियम कडक होत चालले आहेत आणि विजेवरील वाहने दारात येऊन उभी आहेत. पेटीत काय आहे हे आपणास ठाऊक नसले, तरी ती दिलेले काम बिनचूक करते. एवढे आपणास आणि ग्राहकास पुरेसे आहे. हाच अभिप्राय मंडळासमोर ठेवावा.

तुझ्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आढळल्या नाहीत, याची समाधानपूर्वक नोंद करतो.

माझी प्रकृती उत्तम आहे. मल्लव्वा नियमित येते. जेवणात मीठ अधिक पडते असे मी तिला एकदा सुचवले, तेव्हा, सर, मीठ तेवढंच हाय, तुमची चव गेल्याय, असे तिने ऐकवले.

गाडी विकावयाची नाही. पत्राच्या अखेरीस सौ. वैजयंतीस तू लिहिलेला नमस्कार, काल दुपारी गाडी निवत असताना, तिला पोचता केला.

कळावे. माझ्यावरील लोभात खंड पडू नये.

अमृत


रांजणगाव,
दि. २१ एप्रिल २०२५

ती. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचताना शेवटच्या ओळीपाशी थबकलो. मी कसला नमस्कार लिहिला, तेच आठवेना. मग लक्षात आले. इतक्या वर्षांची सवय. पत्र संपत आले की हात आपोआप ते लिहून जातो. मला क्षमा करा. पण दाजी, वेलांटी चुकली तरी न सोडणारे तुम्ही, ही चूक मात्र दाखवली नाहीत. नमस्कार पोचता केला असे लिहिलेत. त्याचा अर्थ मी काय घ्यावा?

आणि गाडी निवत असताना म्हणजे? तो शब्द अक्काचा. उन्हात तापलेली गाडी आधी सुरू करून एसी लावायची, आणि स्वतः पुन्हा घरात येऊन पाणी पीत बसायची. आपण घाई केली की म्हणायची, थांब की रे, गाडी निवू दे, तिला पण जीव हाय. मग कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीतल्या बायांच्या शिवणवर्गाला निघायची. आता गाडी सुरू करतं कोण? जन्मभर इंजिन शिकवलं आणि स्टेअरिंगला कधी हात लावला नाही, म्हणून ती तुम्हाला लई छळायची. कुठलं बटण दाबायचं हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का?

अभिप्राय मिळाला. खोटे कशाला बोलू, मन खट्टू झाले. तरी तुमचा शब्द आहे तसाच मंडळासमोर ठेवीन.

या पत्राचे उत्तर लांबवू नका. आमचा जीव तुमच्यात अडकलेला असतो, हे ध्यानी असावे.

आपला,
शिवानंद


सोलापूर,
दि. २ मे २०२५

चि. शिवानंद यास,
अनेक उ. आ.

जे पाहिले तेवढेच लिहितो. अनुमान करीत नाही.

मार्च महिन्यात एका दुपारी गाडीच्या विम्याचा कागद शोधण्यासाठी मी शेडमध्ये गेलो. सौ. वैजयंतीची पर्स हाती होती. तीत कागद नसल्यास गाडीत पाहावा, असा क्रम मी ठरवला होता. मी गाडीपाशी उभा असताना इंजिन सुरू झाले. मी कशासही स्पर्श केला नव्हता. प्रथम पंखा वेगाने फिरला. नंतर, आतील पडद्यावरील खुणांनुसार, समोरच्या काचेवरील झोत थांबून तो पायांकडे वळला आणि सावकाश मंद झाला. तोंडावर वारा आला की तिचे डोळे कोरडे पडत, म्हणून ती तो पायांकडे वळवीत असे, हे तुला ठाऊक आहे. थोड्या वेळाने, आत येऊन कोणी बसले नाही म्हणून, इंजिन आपोआप थांबले. ('कोणी बसले नाही म्हणून' हे अनुमान आहे, ते वगळून वाचावे.)

तेव्हापासून वर्गाच्या प्रत्येक दिवशी, तिच्या निघण्याच्या वेळेपूर्वी, हे घडते. रविवारी घडत नाही, कारण रविवारी वर्ग नसे. परवा बसवजयंती झाली. त्या दिवशी ती वर्गास सुट्टी देत असे. त्या दिवशीही गाडी सुरू झाली नाही. बसवजयंती केव्हा असते, हे त्या परदेशी पेटीस कोणी सांगितले, याचे उत्तर तुझ्या अभियंत्यांकडून मागवून घ्यावे.

मी त्या वेळी तेथे उपस्थित असतो. दिवसभराचा मजकूर सांगण्यास ती वेळ सोयीची पडते. यंदा ऊन तीव्र आहे आणि शेडचे शटर उघडे ठेवल्यास आलेला गारवा टिकत नाही, म्हणून ते लावून घेतो. हल्ली दुपारनंतर डोके जड होते आणि दृष्टी किंचित अंधूक होते. ऊनच असावे. मल्लव्वा लिंबाचे सरबत देते.

अभिप्रायात बदल नाही. उलट, पेटी आपले काम बिनचूक करते या विधानास आता प्रत्यक्ष पुरावा मिळाला आहे.

मजविषयी काळजी नसावी. लोभ मात्र असू द्यावा.

अमृत


सोलापूर,
८ मे

शिवानंद अण्णास मल्लव्वाचा शरणार्थ.

पत्ता तुमच्या पाकिटावरचा बघून लिवलाय. माझं शिक्षान सातवीपतूर, ते पण कन्नड शाळंत, तवा हसू नका. मी लिवलं म्हणून सरांना सांगू नका, न्हायतर माझ्या कागदावर पण लाल पेनानं गोल काढतील.

दुपारचं जेवान झालं की सर इस्त्रीचा सदरा घालत्यात. बाईंची पर्स दोनी हातात धरत्यात, देवाचं ताट धरल्यागत, आन शेडमदी जात्यात. आत गेलं की शटर खाली. डावीकडच्या सीटवर बसत्यात, उजवीकडची बाईंची म्हणून तितं पर्स ठेवत्यात. मग गाडी चालू हुत्ये. आमच्याशी दोन शबूद बोलत न्हाईत, पर तितं लई बोलत्यात. पेपरातलं सांगत्यात, तुमच्या कंपनीचं सांगत्यात. मदीच गप ऱ्हात्यात, समोरचं माणूस बोलतंय आन आपण ऐकतोय तसं. मग हासत्यात. बाईंच्या माघारी सरांना हासताना मी दुसरीकडं कुटं बघितलं न्हाय अण्णा.

पैल्यांदा मी म्हटलं, असू दे, माणसाचा जीव निवतोय. पर मंगळवारी गाडी बंद झाली तरी सर भाईर आलं न्हाईत. हाका मारल्या, ओ न्हाय. शटर उचललं तर आत धुराचा वास, सर डोळं उघडं ठेवून बसल्यात, तोंड लाल झालंय, मी कोण ते वळखंना झालंय. मला म्हणत्यात, वैजू, निवली का गाडी. हाताला धरून भाईर आणलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आलं तर मलाच रागावलं, शटर का उघडलंस, गारवा गेला की.

अण्णा, बाई सरांना न्यायच्या न्हाईत, बाईंचा सभाव मला म्हाईत हाय. पर गाडीचं मला काय कळत न्हाय. तुमी केलेली गाडी हाय, तुमीच या.

राग मानू नका, जीव लावून ऱ्हावा.

मल्लव्वा


रांजणगाव,
दि. १५ मे २०२५

ती. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुमच्या दारातून निघताना मी नीट बोललो नाही. मोठ्या माणसावर आवाज चढवला, त्याबद्दल हात जोडतो. मला कोणी कळवले ते विचारू नका. मी शटर वर केले, बॉनेट उघडून बॅटरी सोडवणार होतो, आणि तुम्ही पुढे येऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिलात. तुम्हाला बाजूला सारायला माझा हात उठला नाही. शटर वर ठेवीन, गाडीत बसणार नाही, बाहेर खुर्चीवर बसेन, असा शब्द तुम्ही दिलात. त्या शब्दावर मी परत आलो आहे.

दाजी, बंद जागेत इंजिन चालवू नये, हे तुम्ही पहिल्या तासाला शिकवत असणार.

आता पेटीविषयी. असे काही नाहीच, असे पुरवठादाराने आधी कळवले. मी खडसावून लिहिले तेव्हा कबूल केले. उष्ण देशांसाठी त्यांनी पेटीत एक सोय ठेवली आहे: मालकाच्या जाण्यायेण्याच्या वेळा ती शिकते आणि गाडी आधीच गार करून ठेवते. आपल्या गाडीसाठी ती विकलेली नव्हती, नुसती आत निजलेली होती. गेल्या वर्षी त्यांनी तिकडून पेटीत सुधारणा पाठवली, त्यात ती जागी झाली. गाडी बनवणारे आपण, आणि आपल्यालाच पत्ता नाही! किल्ली गाडीजवळ असली तरच ती चालते. किल्ली अक्काच्या पर्समध्ये आहे. बसवजयंतीला तुम्ही पर्स घेऊन गेलाच नसाल, कारण त्या दिवशी सुट्टी. सण गाडीला ठाऊक नव्हता, दाजी, तो तुम्हाला ठाऊक होता.

ती शिकलेली सवय तिकडूनच पुसता येते. त्यांनी गाडीचा नंबर मागितला, मी दिला. रागवा, पण दिला. त्याबरोबर तुमचे काय जाईल ते मला कळते. अक्का माझीही होती.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहे, तो काढून घेऊ नये.

आपला,
शिवानंद


सोलापूर,
दि. २६ मे २०२५

चि. शिवानंद यास,
अनेक उ. आ.

तुझा तर्क शुद्ध आहे. बसवजयंतीस मी शेडमध्ये गेलो नव्हतो.

दिलेला शब्द पाळला. शटर वर होते, मी गाडीलगत खुर्चीवर होतो, पर्स मांडीवर होती. गेल्या शुक्रवारी इंजिन नेहमीप्रमाणे सुरू झाले. पंखा वेगाने फिरला, झोत पायांकडे वळला. परंतु मंद होण्यापूर्वीच इंजिन थांबले. थांबताना गाडी उजव्या बाजूस किंचित दबली आणि पुन्हा वर आली. इंजिन थांबताना गाडीस हिसका बसतो. मी तो फळ्यावर आकृती काढून शिकवला आहे. तो सर्व गाडीस बसतो. एका दारापाशी बसत नाही. त्या दिवसापासून गाडी सुरू झालेली नाही. मी रोज जाऊन बसलो.

तुझ्या पुरवठादाराने काम उरकले, असे मी समजतो.

आता अभिप्रायाविषयी. पेटी म्हणजे काम बिनचूक करणारा नोकर, असे मी धरून चाललो होतो. ती दुसऱ्याने आपल्या घरात ठेवलेली व्यक्ती आहे. ती आपल्यात राहते, आपल्या सवयी पाहून ठेवते आणि तिकडून बोलावणे आले की न सांगता निघून जाते. वैजयंतीची दुपार त्यांनी शिकून घेतली ती न विचारता, आणि पुसली तीही न विचारता. पुसणे योग्यच होते. ते झाले नसते तर एखाद्या दिवशी मी शटर पुन्हा खाली ओढले असते. परंतु तो हात तुझा असावयास हवा होता. तू माझ्या दारात येऊन भांडलास. त्यांनी दारदेखील वाजवले नाही.

सबब, सीना मोटर्सने स्वतःचे इंजिन विकसित करावे. निदान त्याची पेटी तरी आपली असावी. विरुद्ध बाजूची जी कारणे मी पूर्वी दिली ती आजही खरी आहेत. काम अवघड आहे, तोटा होईल, कदाचित कंपनी बुडेल. तरीही करावे. हा अभिप्राय पत्नी गमावलेल्या माणसाचा आहे, हे मंडळास स्पष्ट सांगावे आणि मगच त्याचे वजन करावे.

माझ्या कठोर शब्दांनी स्नेह उणावला नसेल, अशी आशा करतो.

अमृत


रांजणगाव,
दि. ९ जून २०२५

ती. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

येत्या सोमवारी बैठक आहे. तुमचा नवा अभिप्राय वाचून मी इतका हरखलो होतो की तो टाइप करूनही घेतला. आणि गेल्या गुरुवारी पुरवठादाराचे उत्तर आले.

त्यांनी अक्काच्या गाडीतले काहीही पुसलेले नाही. त्यांना पुसता आलेच नाही. अक्का गेल्यावर तिच्या नावावरची गाडीची इंटरनेट जोडणी आपल्याच कार्यालयाने रीतसर बंद केली होती. तेव्हापासून बाहेरचे काहीच त्या गाडीपर्यंत पोचत नाही. ते म्हणतात, शिकलेली सवय आत जशीच्या तशी आहे, किल्ली जवळ नेली की गाडी सुरू व्हायलाच हवी. मी परवा तुमच्याकडे माणूस पाठवला होता तो त्यासाठीच. बॅटरी, पेट्रोल, किल्ली, सगळे ठीक आहे. बटण दाबले की इंजिन सुरू होते. आपण होऊन मात्र होत नाही. मल्लव्वाला फोन केला, तर म्हणाली, गाडी गप हाय अण्णा, एकदम गप, झोपलेल्या माणसागत.

मग ती थांबवली कोणी, दाजी? आमच्या अभियंत्यांना विचारले, तर पेटी फोडल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले.

तुमचा दुसरा अभिप्राय ज्या कारणावर उभा होता, ते कारणच उरले नाही. मला तो किती हवा आहे हे तुम्ही जाणता, म्हणून तर हे लपवता आले नाही. सोमवारी कोणता ठेवू, पहिला की दुसरा?

धाकट्यावर पूर्वीसारखीच छाया असू द्यावी.

आपला,
शिवानंद


सोलापूर,
दि. १२ जून २०२५

चि. शिवानंद यास,
अनेक उ. आ.

दुसरा ठेवावा. कारण बदलावे.

त्यांनी न विचारता पुसले, हे माझे विधान मागे घेतो. त्यांच्यावर अन्याय झाला. त्या जागी असे वाचावे: आपण विकलेले इंजिन कोणी सुरू केले आणि कोणी थांबवले, हे ज्या कंपनीस सांगता येत नाही, तिने त्यावर आपले नाव घालू नये. नाव घालावयाचे तर इंजिन आपले असावे. माझ्या शोकाचा या वाक्याशी संबंध नाही. ते निर्धास्तपणे मंडळासमोर ठेवावे.

गाडी घेऊन जावी. वारस या नात्याने तसे लिहून सोबत जोडले आहे. तुझ्या अभियंत्यांनी ती पेटी फोडून पाहावी. करार आड येत असेल तर फोडणारा मालक मी आहे, असेही त्यात लिहिले आहे. नवीन पेटी बनवावयाची तर जुनी आतून पाहिलेली असावी.

मल्लव्वाने काल शेड धुऊन काढली. सर, आता हितं काय ठिवायचं, असे तिने विचारले. काही ठेवावयाचे नाही, असे मी सांगितले. तेव्हा, मग शटर कशाला, उगं गंजंल, काढून टाका की, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे मी मान्य केले. दुपारी आता मी घरातच बसतो. डोके जड होत नाही. वैजयंतीशी बोलावयाचे ते मनातल्या मनात बोलतो. उत्तर येत नाही. तुला काळजी वाटू नये म्हणून हे मुद्दाम लिहिले.

इंजिन थांबण्याचे कारण पेटीत सापडले, तर ते मंडळास कळवावे. नव्या इंजिनास उपयोगी पडेल. काहीच सापडले नाही, तर तेवढे मात्र मला कळव.

लोभ आहे तसाच राहो.

अमृत